पोहे वाटून काय होणार?

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्रीच्या चर्चेत एका पोरानं उठून प्रश्न टाकला. म्हणाला, पँथरचा वारसा सांगता आणि सकाळी उठून पोरांना पोहे वाटता? पोहे वाटून जात जाते काय? हे तर शेटजी लोकबी करतात, अमावस्येला, गाडी लावून. त्याला टाळ्या पडल्या. पडायलाच पाहिजेत. प्रश्न खरा आहे. रात्री उशीर झाला होता म्हणून मी गप्प बसले. आज मला वेळ दिलाय, तर उत्तर देते.

मी पुढारी नाही. मी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. गेली चार वर्षं शाळेच्या दिवसांत पहाटे आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत न्याहारी रांधते. मी एकटी नाही, आम्ही नऊजण आहोत. साठ-सत्तर पोरं येतात. पैसा नाही, पावती नाही, फॉर्म नाही. पोरानं यायचं, हात धुवायचे, ओळीत बसायचं, खायचं, आपली ताटली घासायची आणि सातच्या शाळेला पळायचं.

ही न्याहारी का लागते, ते आधी समजून घ्या. आमच्या वस्तीतली निम्मी बाई घरकामाला जाते. काही सफाई खात्यात आहेत, त्यांची हजेरी साडेसहाची. म्हणजे पोरगं डोळे चोळत उठतं तेव्हा आई घरात नसते. बाप रात्रपाळी करून झोपलेला, नाहीतर नाक्यावर काम शोधायला गेलेला. पोराच्या हातात काय? काळा चहा आणि दोन खारी. कधी तेबी नाही. शाळेची खिचडी मधल्या सुट्टीत. तोवर तीन तास पोरगं रिकाम्या पोटी बाकावर बसतं. मग गुरुजी म्हणतात, या वस्तीतल्या पोरांचं लक्षच नसतं, यांच्या डोक्यात शिरत नाही. हजार वर्षं हेच ऐकतोय आपण, यांच्या डोक्यात शिरत नाही. अरे, पोटात काही शिरलंय का ते विचारलं का कुणी? भुकेचा दोष जातीच्या माथी मारायचा, ही जुनी चलाखी आहे.

आता त्या नावाकडं येते. पँथर.

हे नाव आपण घेतलं कुठून? अमेरिकेतून. १९६६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. पोलीस काळ्यांना रस्त्यात गुरासारखं मारायचे. यांनी कायद्यानं परवानगी होती म्हणून उघड बंदुका घेतल्या आणि पोलिसांच्या गाडीमागं गस्त घालायला लागले. १९६७ च्या मे महिन्यात ते बंदुका घेऊन थेट सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले. जगभर फोटो छापून आले. काळी टोपी, काळं जाकीट, हातात बंदूक. आपल्या पोरांच्या मोबाइलवर आजबी तोच फोटो आहे.

पण दुसरा एक फोटो तुमच्या मोबाइलवर नाही. त्यात तोच पँथर आहे, आणि तो लहान पोरांच्या ताटात वाढतोय.

१९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये पँथरनं शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. चर्चचे पाद्री फादर अर्ल नील यांनी जागा दिली. त्याच चर्चच्या रूथ बेकफर्ड या नृत्य शिकवणाऱ्या बाईंनी मांडणी करून दिली. पहिल्या दिवशी पोरं आली अकरा. आठवडा संपता संपता एकशे पस्तीस. अंडी, पाव, दूध, आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याची घट्ट पेज. काय खाऊ घालायचं ते आहाराच्या जाणकारांना विचारून ठरवलं. सामान आसपासच्या दुकानदारांकडून मागून आणलं. खाता खाता पोरांना काळ्यांचा इतिहास सांगितला, जो शाळेत कुणी सांगत नव्हतं. वर्षभरात हे लोण शहराशहरांत गेलं. पक्षाचा आकडा असा, की १९६९ साली त्यांनी वीस हजार मुलांना जेवू घातलं.

आता पुढचं नीट ऐका, कारण कालच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.

अमेरिकेच्या एफबीआयचा प्रमुख होता जे. एडगर हूवर. पँथरच्या मागं त्यानं माणसं लावली होती, खबरे पेरले होते, खोटी पत्रं पाठवून भांडणं लावली होती. १९६९ च्या मे महिन्यात त्यानं आपल्या कचेऱ्यांना एक अंतर्गत पत्र धाडलं. पँथरला संपवण्याच्या सरकारी खटाटोपाला सगळ्यात मोठा धोका कशाचा, ते त्यात लिहिलं होतं. बंदुकीचा नाही. भाषणांचा नाही. न्याहारीचा! सकाळच्या अंड्या-पावाचा! त्यामुळं पँथरला लोकांत मान मिळतोय, साधी माणसं त्यांच्या बाजूनं झुकतायत, हे त्याला सलत होतं.

मग काय, न्याहारीवर धाडी सुरू झाल्या. दारोदार जाऊन आईबापांना भीती घातली. शिकागोत न्याहारी सुरू व्हायच्या आदल्या रात्री पोलीस चर्चमध्ये घुसले, अन्न तुडवलं आणि त्यावर मुतले. हे पँथरच्या लोकांनी सांगून ठेवलंय. त्याच शिकागोत ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे, म्हणजे न्याहारीची चूल पेटवायच्या वेळेला, पोलिसांनी घरात घुसून फ्रेड हॅम्प्टनला अंथरुणातच गोळ्या घातल्या. वय २१. त्याच्याबरोबर मार्क क्लार्क मारला गेला. वय २२. या मार्क क्लार्कनं पिओरिया गावात काय उभं केलं होतं? मुलांची मोफत न्याहारी.

बंदुकीला सरकार घाबरत नाही, दोस्तहो. सरकारकडं तुमच्यापेक्षा जास्त बंदुका आहेत. विधानभवनातल्या बंदुकांना त्यांच्याकडं उत्तर होतं, त्याच वर्षी कायदा बदलला आणि भरलेली बंदूक उघड मिरवायला बंदी घातली. पण अंडं उकडणाऱ्या माणसावर कुठलं कलम लावणार? आणि एवढ्या श्रीमंत देशात पोरं उपाशी शाळेत जातात, हे रोज सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडलं जातंय, त्याला उत्तर काय देणार? न्याहारी हे रोज निघणारं आरोपपत्र होतं. आरोपी सरकार, आणि साक्षीदार सहा-सात वर्षांची पोरं.

आपलं आणि अमेरिकेतल्या काळ्यांचं नातं काही टोपीपुरतं नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. काळ्यांचा प्रश्न तिकडचे लोक संयुक्त राष्ट्रांपुढं नेत होते, त्या अर्जाची प्रत मागितली, कारण आपला प्रश्नबी तिथं नेता येईल का, हे त्यांच्या मनात होतं. आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही मंडळी. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्यांत रात्र रात्र चर्चा झडल्या. १९७३ च्या जाहीरनाम्यात ब्लॅक पँथरच्या लढ्याशी नातं सांगितलं. नाव आलं, त्वेष आला, भाषा आली. सकाळचं पातेलं मात्र फारसं आलं नाही.

दोष देत नाही मी. त्यांच्या अंगावर काय काय आलं ते आठवा. १९७४ च्या जानेवारीत वरळी पेटली. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. केसेस, तुरुंग, तडीपारी. आणि १९७७ साली बरखास्तीची घोषणाबी झाली. त्या पोरांनी जे केलं त्याच्यावर आपण उभे आहोत. पण त्यांच्या हातून राहिलेलं काम आपलं आहे का नाही? का आपण फक्त त्यांचे फोटो लावायचे?

आणि हे पातेलं अमेरिकेतूनच आणायची गरजबी नाही. १८७६-७७ चा दुष्काळ पडला तेव्हा सत्यशोधक समाजानं अन्नछत्रं उघडली. धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला. सावित्रीबाई जुन्नर भागात दुष्काळात काम करत होत्या, ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहून तिथले हाल कळवले. शाळा काढणारी बाई भाकरीच्या कामात उतरली. तिला कुणी विचारलं नाही, भाकऱ्या वाटून काय होणार.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत ठीक, इथं अन्न म्हणजे नुसतं अन्न. नाही! अमेरिकेत प्रश्न होता ताटात काय आहे. आपल्याकडं प्रश्न आहे ताटाला हात कुणाचा लागला. या देशात पाण्यासाठी १९२७ च्या २० मार्चला महाडला सत्याग्रह करावा लागला. ओंजळभर पाणी प्यायलं तर डोकी फुटली. आणि असं समजू नका की ते संपलं.

सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या नोव्हेंबरात सांगितलं, सरकारी शाळांत शिजवलेलं जेवण द्या. २००४ च्या एप्रिलमध्ये सांगितलं, स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या. कागद झाला. पुढं काय? उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात २०२१ च्या डिसेंबरात सवर्ण पोरांनी दलित बाईच्या हातचं शाळेतलं जेवण नाकारलं, आणि त्या बाईलाच कामावरून काढलं. मग दलित पोरांनीबी सवर्ण बाईच्या हातचं नाकारलं, बोंब झाली, तेव्हा बाईला परत घेतलं. तमिळनाडूत सरकारनं शाळेत न्याहारी सुरू केली, तर २०२३ साली करूर जिल्ह्यात काही आईबाप म्हणाले, दलित बाई रांधते तर आमची पोरं खाणार नाहीत. जिल्हाधिकाऱ्याला शाळेत यावं लागलं. पेरियारच्या मुलखात हे!

म्हणून सांगते, आपली न्याहारी म्हणजे नुसती भूक मारायचं साधन नव्हे. कोण रांधतं, कोण वाढतं, कुणाशेजारी कोण बसतं, हे तीन प्रश्न तिथं रोज सकाळी सुटतात, नाहीतर चिघळतात.

आमच्याकडचं सांगते. आमची खोली विहाराची, पण पोरं सगळी येतात. बौद्ध आहेत, मातंग आहेत, मुसलमान आहेत, वडाराची आहेत, उत्तरेकडून आलेल्यांची आहेत, दोन-चार मराठ्यांची आहेत. पहिल्या वर्षी एक पोरगी घरून आपली ताटली घेऊन यायची. आईनं बजावलं होतं, खा, पण भांडं आपलं. आम्ही तिला हुसकलं नाही, आईला शिव्या दिल्या नाहीत. एकच नियम केला: ताटल्या इथल्याच, घासायच्या सगळ्यांनी, आणि घासून झाल्या की एकावर एक रचायच्या. कालची तुझी ताटली आज कुणाकडं जाईल, कुणाला ठाऊक. दोन घरांनी पोरं पाठवायची बंद केली, ती परत आली नाहीत. ती पोरगी मात्र आली. आता ताटल्या मोजून ठेवायचं काम तिचं आहे. जात अशी गेली असं मी म्हणत नाही. पण साठ पोरांच्या मनात ती घट्ट व्हायच्या आत आम्ही तिला धक्का दिलाय.

आता कामाचं बोलते, कारण नुसत्या भाषणानं पोहे शिजत नाहीत.

सत्तर पोरांना पाच किलो जाडे पोहे लागतात. पातळ आणू नका, लगदा होतो. दोन किलो कांदा, किलोभर शेंगदाणे, मिरची, हळद, कढीपत्ता. पोहे चाळणीत भिजवून निथळत ठेवायचे, तोवर फोडणी. रोज पोहे नाहीत. एक दिवस उपमा, एक दिवस मटकीची उसळ आणि पाव, थंडीत नाचणीची आंबील. आठवड्यातून दोनदा अंडं. तीन ट्रे आणायचे, म्हणजे नव्वद अंडी होतात. काही फुटतात, काही पोरं धाकट्या भावंडासाठी मागतात, द्यायची. जो अंडं खात नाही त्याला केळं, आणि त्यावरून कुणी कुणाला चिडवायचं नाही.

सव्वापाचला चूल. कांदा रात्रीच चिरून ठेवला तर पहाटे अर्धा तास वाचतो. आणि इथं मला पोरांशी, म्हणजे समोर बसलेल्या तुम्हा बाप्यांशी बोलायचंय. तुम्ही घोषणा दणदणीत देता. बॅनर बांधायला खांबावर चढता. पण कांदा चिरायला बोलावलं की तुमचा फोन लागत नाही. ओकलंडलाबी कामाचा मोठा भार बायांनीच वाहिला. पण तिथला पँथर गडी ॲप्रन बांधून पोरांना वाढायला उभा राहिला, आणि त्यानं त्याची मर्दानगी कमी झाली नाही. आमच्यात नऊपैकी चार गडी आहेत. एकजण रिक्षा चालवतो, रात्रपाळी संपवून सरळ पातेल्यावर येतो. झारा त्याच्या हातात असतो. पोरांना ते दिसतं. बापयानं रांधलेलं, बापयानं वाढलेलं अन्न ती रोज खातात. हेबी शिक्षणच की.

तीन गोष्टी आम्ही करत नाही. फोटो काढत नाही, कारण खाणाऱ्या पोराचा फोटो म्हणजे त्याच्या भुकेची जाहिरात. यादी ठेवत नाही, तू किती गरीब हे कुणाला विचारत नाही. आणि पोरांकडून 'धन्यवाद' म्हणवून घेत नाही. ज्याचं त्याला मिळतंय, त्यात आभार कसले?

आता जो विषय उद्याच्या बैठकीत यायचाय, तो इथंच बोलते. एका बिल्डरचा माणूस आमच्याकडं येऊन गेला. वर्षभराचा सगळा खर्च देतो म्हणाला. गॅस, अंडी, नवी भांडी, सगळं. अट एकच: खोलीवर त्याचा फलक आणि वर्षातून एकदा कार्यक्रम, पोरांच्या हातात त्याच्या नावाच्या पिशव्या. आपल्यातले काहीजण म्हणतात, घ्या. पैसा पैसा असतो. महिन्याच्या शेवटी आमची ओढाताण होते, हे मी नाकारत नाही. गॅसवाल्याची उधारी राहते. कधी अंड्याच्या दिवशी अंडं नसतं.

तरीपण माझं मत नाही म्हणण्याचं आहे. ओकलंडच्या पोरांनीबी दुकानदारांकडून घेतलंच की. आम्हीबी घेतो. कोपऱ्यावरचा वाणी महिन्याला दोन किलो साखर देतो, विहारात येणाऱ्या बाया वीस वीस रुपये टाकतात, आमचा मुसलमान अंडेवाला ट्रेमागं पैसे कमी लावतो. त्यांना फलक लागत नाही, कारण त्यांची पोरं त्या ओळीत बसलेली आहेत. ज्याचं पोरगं त्या ओळीत कधीच बसणार नाही, त्याला फलक लागतो. आणि ही वस्ती ज्या जमिनीवर आहे त्या जमिनीवर त्याचा डोळा आहे, हे इथं कुणाला सांगायला नको. उद्या नोटीस आली तर ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध मोर्चा काढणार का आपण? पातेलं त्याच्या नावावर गेलं की तोंडबी त्याच्या नावावर जातं. महिन्याला दोन दिवस अंडं कमी पडलं तरी चालेल. तोंड गहाण टाकायचं नाही.

शेवटचा मुद्दा. हे आपण कायमचं करायचंय का? नाही. भुकेलं पोर शाळेत जाऊ नये ही जबाबदारी सरकारची आहे, आपली नव्हे. अमेरिकेत सरकारची शाळेतली न्याहारी १९६६ सालीच प्रयोग म्हणून सुरू झाली होती, तोकडी. पँथरनं चर्चाचर्चांत पातेली मांडून दाखवलं की हे होतं, आणि करायचं असेल तर असं करतात. १९७५ साली ती योजना कायमची झाली. एकट्या पँथरमुळं झाली असं कुणी म्हणू नये, पण ती लाज त्यांनी चव्हाट्यावर आणली. आपल्याकडं तमिळनाडूनं १५ सप्टेंबर २०२२ ला प्राथमिक शाळांत न्याहारी सुरू केली, पुढच्या वर्षी राज्यभर नेली. म्हणजे होतं! पैसे नाहीत हे रडगाणं खोटं आहे. आणि आपलं फुले-शाहू-आंबेडकरांचं महाराष्ट्र? इथं २०२३ साली शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याच्या पैशातून हात काढून घेतला. शाळांना सांगितलं, अंडं द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या. एक अंडं! पुतळ्यांना पैसे आहेत, पोराच्या अंड्याला नाहीत.

म्हणून आपल्या न्याहारीबरोबर मागणी गेली पाहिजे. रोज किती पोरं आली, किती अंडी लागली, किती खर्च झाला, याची वही आम्ही ठेवतो. नावं नाहीत, फक्त आकडे. चार वर्षांची वही आहे. ती घेऊन महापालिकेच्या दारात जायचं. म्हणायचं, नऊ माणसांनी, वर्गणीवर, सत्तर पोरांना खाऊ घातलं. तुमच्याकडं खातं आहे, अधिकारी आहेत, अंदाजपत्रक आहे. तुम्हाला का जमत नाही? प्रत्येक सरकारी शाळेत सकाळची न्याहारी पाहिजे, तिच्यात अंडं पाहिजे, आणि रांधायला वस्तीतली बाई पाहिजे, पुऱ्या पगारावर. ज्या दिवशी हे होईल त्या दिवशी आम्ही आमची चूल विझवू. मग शाळेत जाऊन बघत बसू, कोण कुणाच्या हातचं खात नाही ते.

पोहे वाटून काय होतं, हे मी माझ्या परीनं सांगितलं. मोर्चा काढू नका असं मी म्हणत नाही. मोर्चा काढाच. पण मोर्चा एक दिवस असतो, आणि भूक रोज पहाटे पाचला उठते. तिच्याआधी उठणारी माणसं पाहिजेत.

उद्या ज्यांना आपापल्या वस्तीत हे सुरू करायचंय त्यांनी जेवणानंतर थांबा. जागा कुठली, भांडी कुणाची, आठवड्याच्या पाळ्या कशा लावायच्या, ते बसून लिहून काढू. आणि बाप्यांनो, येताना सुरी घेऊन या. आजच्या रात्रीच्या जेवणाचा कांदा अजून चिरायचाय.

जयभीम!